चिकूच्या अकरा बिया

वेवजी, ता. तलासरी
मंगळवार, दुपार

प्रिय तुषार,

तू पाठवलेलं पार्सल मागल्या बुधवारी मिळालं. त्यात आलं ते असं: बाबांच्या गुडघ्यांचे पट्टे दोन, खजूर अर्धा किलो, आणि माझ्यासाठी चष्मा एक, डबीसकट. पोस्टाचे एकशे बारा रुपये वरच दिसत होते. पट्ट्यांची किंमत तू पेनाने खोडलीस, पण दुकानाची पावती आत राहून गेली, सहाशे चाळीस. चष्म्याचं काही कळलं नाही, म्हणून वहीत त्या जागी नुसती रेघ ओढून ठेवली आहे. पार्सल बाबांच्या नावाचं होतं. चिठ्ठी नव्हती. मी खोका उलटा करून आपटला, पट्ट्यांच्या आत हात घालून बघितलं, खजुराची पिशवी चाचपली. बाबा म्हणाले, "अगं, चिठ्ठी काय खजुरात घालून पाठवेल का तो?" मी खजूर उपासाच्या डब्यात भरला आणि झाकण लावलं.

चष्म्याची डबी मात्र एका कागदात गुंडाळलेली होती. एका बाजूने कोरा आहे, हिशेबाला होईल, म्हणून मी तो सरळ केला. मागे तलवार उपसलेला घोडेस्वार, आणि खाली छापलेलं: 'ऐतिहासिक लढायांचे छोट्या सैनिकांचे खेळ. प्रदर्शन आणि सामने. डहाणू रोड. रविवारी दहा ते सहा. प्रवेश पन्नास रुपये, चहासह.' टेबलांची यादी होती. चार नंबरला 'तारापूरच्या किल्ल्याचा वेढा', आणि पुढे, 'पंच: तुषार, वेवजी'. पुण्यात राहतोस आणि नावापुढे वेवजी लावतोस. तो कागद तू मुद्दाम गुंडाळलास की हाताशी होता म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही. तेवढं उत्तरात लिही.

आता सहा महिने होतील. मी फोन केला तर तू उचलत नाहीस. बाबांच्या फोनवरून केला की "बोला बाबा" म्हणतोस आणि माझा आवाज ऐकला की तुझ्या पुण्याची रेंज जाते. म्हणून पत्र. मधेच मला रडू आलं तरी पत्रातून ऐकू येत नाही. मला तुझ्याकडून एकच हवंय, तू घरी यावंस. पण ते मागायच्या आधी जे सांगायला हवं होतं ते मी सांगितलेलं नाही, आणि ते सांगेपर्यंत मागायचा मला हक्क नाही. तेव्हा सगळं वाच, शेवटच्या ओळीवर उडी मारू नकोस. शाळेतले धडे तसेच वाचायचास.

गणपतीत काय झालं ते माझ्या बाजूने एकदा लिहिते. नविनभाईंच्या रंगाच्या दुकानात कामाला होतास तिथे तुला हा नाद लागला. खोलीतल्या फळीवर दीडशे शिपाई, अंगठ्याच्या पेराएवढे. त्यांना मी कधी हात लावला नाही. उलट एकदा देव पुसायचा ब्रश तुला दिला, बारीक केसांचा आहे म्हणून. पण एका वेगळ्या पुठ्ठ्यावर अकरा होते, ते पडलेले. कुणाची मान कलंडलेली, कुणाला हात नाही, कुणी घोड्याखाली. तारेवर एमसील चढवून तू स्वतः केलेले, चार महिने खपून. मी म्हटलं, भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये, गणपती यायच्या आत बाहेर काढ. तू हसलास. म्हणालास, "आई, भंगलेले नाहीत ते. मेलेले आहेत. खेळात जिथे माणूस पडतो तिथे ठेवायचे." तो शब्द तू आपल्या घरात बोललास. तू कामावर गेलास आणि मी ते निर्माल्याच्या पिशवीत घातले. डहाणूला तुझ्या जमनाआत्याच्या गणपतीबरोबर समुद्रात विसर्जन केलं. तू आलास, रिकामा पुठ्ठा बघितलास, आणि विचारलंस, "सगळे अकरा?" मी म्हटलं, "सगळे." तू ओरडला नाहीस. ओरडला असतास तर बरं झालं असतं. दोन दिवस ओहोटीला जाऊन वाळू चाळत बसलास, आणि तिसऱ्या दिवशी पुण्याची गाडी धरलीस.

तो शब्द मला का सोसत नाही, ते तुला सांगायला नको. तुझा दादा रविंद्र पोरबंदरच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि बोट वादळात सापडली, त्याला येत्या मे महिन्यात तीन वर्षं होतील. दोघे मिळाले, तिघे मिळाले नाहीत. मिळाले नाहीत म्हणजे मिळाले नाहीत, एवढंच मी म्हणत आले. त्याचं ताट मी अजून वाढते आणि नंतर गाईला घालते. बाबा दोन होळ्या सांगत आलेत की रविंद्रचा वीर बसवू. तुझा हिरूआजा जंगलात लाकडाला गेला तो परतला नाही, त्याचा टाक जसा देवघरात आहे तसा याचा करू, धुळवडीला इतरांबरोबर नदीवर नेऊ, अंघोळ घालू. मी म्हटलं, हिरूआजासाठी घरच्यांनी सात वर्षं वाट बघितली, तुम्हाला एवढी घाई का? त्यावर ते उठून गोठ्यात गेले. एकदा वीर बसवला की मग दारात पाऊल वाजलं तरी कुणी उठून बघत नाही. मला ते नको होतं.

तर रविवारी, एकादशी असून, मी खोटं बोलले. जमनाकडे जाते म्हणाले. तलासरीला शेअर रिक्षाने आणि पुढे एसटीने. पदराच्या गाठीत सुटे पैसे होते आणि आणखी एक वस्तू होती. तिचं पुढे सांगते, जरा धीर धर, मलाही धीर करावा लागतोय. हॉल लग्नाचा. स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं तशीच, 'शुभविवाह' काढायचं राहिलेलं. दाराशी एक मुलगी पावत्या फाडत होती. मी विचारलं, "मला खेळायचं नाही, नुसतं बघायचंय, तरी पन्नास?" ती म्हणाली, "मावशी, खेळणाऱ्यांना शंभर आहेत." मग मी गप्प पैसे दिले. आत मला वाटलं होतं पोरंटोरं असतील. ती पन्नाशीची माणसं! टक्कल पडलेली, पोटं सुटलेली, चष्मे कपाळावर, आणि टेबलांवर ओणवी होऊन टेपने इंच मोजतायत, शिंपी ब्लाउजचं माप घेतो तशी. एका टेबलावर हत्ती, एकावर बर्फ, एकावर नदी आणि नदीत कापसाचा धूर. फासे टाकत होते. मी एकाला विचारलं, "पैसे लावत नाही ना?" तो म्हणाला, "काकी, पैसे तर हे शिपाई घेतानाच संपले!" आणि सगळे हसले. मीही हसले असते, पण तेवढ्यात तुझा आवाज आला.

चार नंबरचं टेबल स्टेजच्या कडेला होतं. मी खांबाआड उभी राहिले. निळा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, मानेचं हाड दिसत होतं. डहाणूपर्यंत आलास आणि वेवजीला आला नाहीस, हे मी मनात एकदा म्हणून घेतलं आणि मग सोडून दिलं. किल्ला तू केला होतास ना? तटाचे दगड वेगवेगळ्या रंगाचे होते, खालच्या ओळीला खाऱ्या पाण्याची पांढरी रेघ होती. दहावीला मला इतिहासात एकोणसाठ होते, वेढा म्हणजे काय ते मला कळतं, पण पुस्तकात तो दोन ओळींत संपतो. इथे मी दीड तास उभी होते. आपले लोक शिड्या घेऊन तटाकडे निघालेले. सहा इंच पुढे, फासे. तटावरून फिरंग्यांच्या बंदुका, पुन्हा फासे. दोघे जण खेळत होते आणि तू मधे. आकडा पडला की तू वाकून एक शिपाई उचलायचास आणि त्याच्या जागी काहीतरी काळं, चकचकीत ठेवायचास. मला जुन्या चष्म्यातून आधी कळेना. नंतर ओळखलं, चिकूच्या बिया. पडलेल्या माणसाच्या जागी चिकूची बी. ठेवून झाली की तू बोटाने ती जराशी सरळ करायचास, पूजेत सुपारी मांडतात तशी. मी मोजत गेले. एक, दोन, तटाखाली चार, शेवटी अकरा. सवयच ती.

मग खेळणाऱ्या दोघांपैकी त्या सुरतेच्या दीपेशने विचारलं. नाव मला कळलं कारण तू त्याला नावाने हाक मारत होतास. "अरे यार, बिया काय ठेवतोस? तू ते अकरा पडलेले केले होतेस ना? फोटो पाठवलेलास. तसं काम मी कुठे बघितलं नाही. कुठे आहेत ते?" तुषार, त्या वेळी मी खांबाच्या आणखी आड झाले. टेबलाभोवती आठ-दहा माणसं होती. मला वाटलं, आता हा सांगणार. आईने निर्माल्यात घालून समुद्रात सोडले म्हणणार, आणि हा हॉल छप्पर उडेपर्यंत हसणार, आणि हसणं संपेपर्यंत मी खांबाआड अशीच उभी राहणार. त्यांनी हसावं अशीच ती गोष्ट आहे. जन्मभर सांगता येईल अशी. तू खाली बघत एक बी सरळ केलीस आणि म्हणालास, "वेळ पुरला नाही. पूर्ण नाही झाले." दीपेश म्हणाला, "फोटोत तर पूर्ण होते." तू म्हणालास, "तुझी चाल आहे, टेप धर."

एवढंच. तू मला राखलंस, आणि मी तिथे आहे हे तुला ठाऊकही नव्हतं. मला पुढे यायचं होतं. पाय निघाला नाही, कारण मी तुला राखलं नव्हतं.

दीड वाजता सगळे पुलाव खायला मागे गेले. टेबलाजवळ कुणी नव्हतं. मी गेले, पदराची गाठ सोडली आणि ती वस्तू तटाखाली, शेवटच्या बीच्या शेजारी ठेवली. तुला आता कळलं असेल काय ते. अकरावा. मी सगळे बुडवले नव्हते. दहा बुडवले. तू दोन दिवस ओहोटीला वाळू चाळत होतास तेव्हा हा तांदळाच्या डब्यात होता, आणि मी त्याच डब्यातला तांदूळ काढून तुला भात वाढत होते. हे लिहिलं. आता मला जे म्हणायचं ते म्हण.

त्याला ठेवून मी हात मागे घेतला आणि पुन्हा पुढे केला. सोडवेना. तेवढ्यात मागून, "बेन, हात नका लावू, प्लीज." नविनभाई होते, दुकानात लांबून बघितलेले, हातात पुलावाची डिश. मी पटकन मूठ मिटली. त्यांनी मुठीकडे बघितलं. म्हणाले, "तुम्ही तुषारच्या घरचे?" आणि मी म्हटलं, "नाही." ऐक, तुषार. माझ्या तोंडून हे आलं. "नाही, मी नणंदेकडे आलेय, सहज डोकावले." ते म्हणाले, "मग मूठ उघडा बेन. ही पोरं वर्षभर राबतात, एक शिपाई गेला तरी रडतात." दोन माणसं वळून बघायला लागली. आयुष्यात कुणाची काडी उचलली नाही, आणि एकादशीच्या दिवशी लग्नाच्या हॉलात मी चोर म्हणून उभी. मूठ उघडली. नविनभाईंनी डिश खाली ठेवली. त्या शिपायाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. तुझे फोटो त्यांनीही बघितले असणार. मला वाटलं, हाक मारतील तुला. ते एवढंच म्हणाले, हळू आवाजात, "जाओ बेन. तमारी बस चुकी जशे. में कंई जोयुं नथी." काही बघितलंच नाही म्हणे. आणि वळून त्या दोघांना म्हणाले, "काय बघताय, बेनचं आहे ते, त्यांच्या देवघरातलं." त्यांनी ते सहज म्हटलं असेल. मी एसटीत बसले तरी ते माझ्या कानातून जाईना.

घरी आले तेव्हा बाबा ओट्यावर पट्टा बांधत बसले होते. वर न बघता विचारलं, "बारीक झालाय का?" मी म्हटलं, "कोण, जमना?" ते म्हणाले, "जमना कशाला बारीक होतेय." मी खजूर डब्यात भरत होते तेव्हाच त्यांनी तो कागद वाचला होता. मग मी गाठ सोडली आणि त्यांच्यापुढे ठेवला, आणि सांगून टाकलं की हाच का राखला. भंगलेली मूर्ती घरात नको, हे निमित्त होतं. बाकीचे दहा मी बघितलेही नव्हते धड. याला बघितलं होतं. उजवा हात डोक्याखाली, डावा गुडघा मुडपलेला, तोंड जरासं उघडं. उन्हाळ्यात रविंद्र ओट्यावर असाच पडायचा, ओलांडून जावं लागायचं. अंगठ्याच्या पेराएवढ्या माणसात मी माझा मुलगा ओळखला आणि मला वाटलं, तुषारने भावाला मेलेल्यांत मांडला. मी अजून ताट वाढते आणि याने ठरवूनही टाकलं. त्या रागात मी पिशवी भरली. पण समुद्राजवळ गेल्यावर याला सोडता येईना. एकदा घेतलाय समुद्राने, पुन्हा कसा देऊ?

बाबांनी तो डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "मला एवढं बारीक दिसत नाही. तू बघ. नवा चष्मा काय सणाला ठेवलायस?" ठेवलाच होता, जुना अजून चालतोय म्हणून. डबी काढली आणि पहिल्यांदा घातला. तुषार, मग मला ते दिसलं जे सहा महिने तांदळात ठेवून मला दिसलं नव्हतं. इतरांच्या अंगावर तांबडा रंग होता, तो जुन्या चष्म्यातूनही कळत होता. याच्या अंगावर एक ठिपका नाही. जखम नाही. आणि पायाशी जे मी दोन खडे समजत होते, ते खडे नाहीत. जोडे आहेत. काढून, जोडीने, टाचा पायरीकडे करून ठेवलेले, रविंद्र ठेवायचा तसे. मेलेला माणूस जोडे काढून ठेवत नाही. तू दहा पाडलेस आणि एकाला निजवलंस, आणि मला ते सांगितलं नाहीस, आणि मी विचारलं नाही.

म्हणून हे पत्र. काल मी बाबांना हो म्हटलं. होळीला आता सतरा दिवस आहेत. आदल्या दिवशी गावातली बायजी येऊन वीराची गाणी म्हणेल, पूजा होईल, आणि धुळवडीला वीर नदीवर जाईल. सोनाराकडून टाक करायचा नाही, तू केलाय तोच बसवायचा, असं मी सांगितलंय. बाबा म्हणाले, वीर उभा असतो, हातात तलवार असते. मी म्हटलं, आपला निजलेला असेल, कुणाची ना नको. हिरूआजाच्या शेजारी जागा पुसून ठेवली आहे, आडवा मावेल एवढी. पण नदीवर त्याला हातात घेऊन नाचायचं ते धाकट्या भावाने, दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही, आणि मला त्याला दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचाही नाही. ताट मी त्या दिवसापासून वाढणार नाही. तुझं वाढीन. मी तुला खोटं बोलले, तुझी आई आहे हे परक्या माणसापुढे नाकारलं, त्याबद्दल जे बोलायचं ते घरी येऊन बोल, मी ऐकून घेईन. चिकूच्या त्या बिया टाकल्या नसशील तर अकरापैकी दहा बरोबर आण, त्या दहांनाही नदीवर दोन फुलं वाहू. येतोस की नाही, दोन्हींपैकी जे असेल ते उलट टपाली कळव. फोनवर नको, कागदावर लिही, मी नव्या चष्म्याने वाचीन.

तुझीच,
आई